जिन्याखालची खोली

खाट उन्हात होती आणि खाटेवर माझा नवरा होता. झोपड्या पाडायच्या मशीननं आमचा पत्रा ओढला तेव्हा चुलीवर भात होता. कावीळ झालेल्या माणसाला मऊ भात देतात, म्हणून टाकला होता. तो पातेल्यासकट मातीत गेला. पथकातल्या दोघांनी नवऱ्याला खाटेसकट उचलून रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं. वाईट वागले नाहीत. ठेवताना एकजण म्हणाला, "बाबा, पाय आत घ्या, गाड्या जातात." मे महिना होता. डांबर मऊ झालं होतं आणि खाटेचे पाय त्यात रुतत होते.

माझ्या हातात देवांचा डबा होता. दुसरं काय बाहेर काढावं ते सुचलं नव्हतं.

मी मशीनकडे बघत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे टॉवर आहे, त्याच्या गेटात माझी धाकटी जाऊ उभी होती. नुकतीच न्हालेली, केस ओले, पाठीवर सोडलेले. मशीन चालवणारा पोरगा पगारी, पथकाचा साहेबही पगारी, त्यांचा मला राग आला नाही. मला राग आला तिच्या ओल्या केसांचा. तिच्याकडे नळ होता. दाराला आतून कडी होती. मी पहाटे अंधारात, आडोशाला फ्लेक्स धरून अंगावर तांब्या ओतत होते आणि ती कडी लावून केस धूत होती.

हा राग त्या दिवसाचा नव्हता. जुना होता.

आम्ही चौघं एकाच ट्रकमधून खारघरला आलो. मी, माझा नवरा, माझा धाकटा दीर आणि त्याची बायको. गावाकडे आमची जमीन नव्हतीच, त्यामुळे ती विकायचा किंवा ती हातची जायचा प्रश्न नव्हता. दुसऱ्याच्या शेतात काम होतं, ते कमी झालं. मुकादम माणसं गोळा करत होता, त्याच्याबरोबर निघालो. तेव्हा इथे डोंगर, खड्डे आणि लोखंडी सळया. रस्ते आधी झाले होते, माणसं नंतर आली.

हा समोरचा टॉवर आम्ही बांधला. आम्ही एकट्यांनी नाही, पुष्कळ जण होते. पण माझ्या डोक्यावरच्या घमेल्यातून त्यात किती माल गेला ते मला माहीत आहे. आणि बांधेपर्यंत आम्ही त्यातच राहिलो. स्लॅब पडला की त्याच्यावर जायचं, खालच्या मजल्यावर भिंती उभ्या राहायच्या. आज ज्या हॉलमध्ये लोकांचे मोठे टीव्ही आहेत तिथे माझी चूल होती. वारा इतका की जाळ टिकत नसे. मग प्लॅस्टर झालं, फरशी बसली, आणि फरशीवर चूल लावता येत नाही, म्हणून आम्हाला खाली उतरवलं. पुढं काम संपलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर, नाल्याच्या कडेला, सगळ्यांनी पत्रे लावले.

त्याच वेळी ठेकेदारानं सांगितलं, एक जोडपं रखवालीला ठेवायचं आहे. जिन्याखाली खोली आहे, बाजूला मोरी आहे, लाईट आहे. माझा नवरा थोरला, म्हणून आधी आम्हाला विचारलं.

मी नको म्हटलं.

कारण सांगते. आमच्यात देव थोरल्याकडे असतात. देव म्हणजे टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, खंडोबा, भवानी आणि घरातले पूर्वज. सासूनं मरताना ते माझ्या ओटीत घातले होते. देवांवरून कुणाचा पाय जाऊ नये हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि जिन्याखालची खोली म्हणजे दिवसभर डोक्यावरून माणसं चढणार, उतरणार, चपला, बूट, कुत्रेसुद्धा.

दीर हसला होता. "वैनी, या टॉवरमधी समद्यांच्याच देवावर कुणाचं तरी पाय हायेत की. फकस्त सगळ्यात वरचा सुटला."

मी म्हटलं, "त्यांचं त्यांनी बघावं."

मग खोली धाकट्याला मिळाली. धाकटीकडे देव नव्हते, तिला अडचण नव्हती. मला वाटलं होतं वर्ष दोन वर्षांत आमची काहीतरी सोय लागेल. लागली नाही. झोपडी तीनदा पडली, तीनदा उभी केली. आणि प्रत्येक वेळी पत्रा बांधताना समोर ती खोली दिसायची.

हेवा कसा असतो ते मी सांगू शकते. तो मोठ्या गोष्टींचा नसतो. वरच्या फ्लॅटवाल्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्यांचं जग वेगळं, त्यांची गाडी वेगळी. मला हेवा वाटायचा धाकटीच्या बटणाचा. ती भिंतीवर बोट लावायची आणि उजेड पडायचा. तिच्या लुगड्याला धुराचा वास येत नसे. तिच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून ती बाहेर जाताना निवांत जायची. मी जाताना शेजारणीला सांगून जायचे. दिवाळीला वरच्या बाया तिला फराळाचं ताट द्यायच्या, ती त्यातलं मला आणून द्यायची, आणि मी ते खायचे. चांगलं असायचं. त्याचाही राग यायचा.

एकच दिवस माझा असायचा. चंपाषष्ठीला तळी भरायची ती देवांपुढे, आणि देव माझ्याकडे. त्या दिवशी धाकटी नवी साडी नेसून रस्ता ओलांडून माझ्या झोपडीत यायची, वाकून आत शिरायची आणि पाया पडायची. देवांच्या, मग माझ्या. मी तिला जरा जास्त वेळ वाकू देत असे.

तर त्या दिवशी खाट उन्हात होती.

लोक जमले. एक होते टॉवरचे सेक्रेटरी, नोकरीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी फिरायला जाणारे. एक कॉलेजची मुलगी, त्याच बिल्डिंगमधली, पाठीवर बॅग. एक चहावाला, इथल्याच जुन्या गावातला. आणि पथकाचा साहेब, ज्याचं काम झालं होतं आणि जो मशीन ट्रकवर चढायची वाट बघत होता. सगळे खाटेभोवती उभे राहिले आणि बोलायला लागले.

सेक्रेटरी म्हणाले, "वाईट वाटतं हो. पण ही लोकं गाव सोडून येतातच कशाला? तिथे काहीतरी धरून राहावं ना."

मुलगी म्हणाली, "काका, मग आपली बिल्डिंग कोणी बांधली असती?"

"बांधली, त्याची मजुरी मिळाली. विषय संपला. सिनेमा बघितला म्हणून थेटर आपलं होतं का?"

"पण राहायचं कुठे त्यांनी? यांना परवडेल असं एक तरी घर दाखवा इकडे. बांधतात ते सगळं विकायला. अर्धे फ्लॅट तर रिकामे पडलेत, लोकांनी नुसते घेऊन ठेवलेत. आपल्याच विंगमध्ये बघा."

"त्यांच्या मालकीचे आहेत ते. रिकामे ठेवतील नाहीतर भाड्याने देतील. तू टेन्शन घेऊ नकोस."

चहावाला मध्येच म्हणाला, "बेघर कोन, ते मना इचारा. जिथं तुमचा पार्किंग हाय ना, तिथं आमची भातशेती व्हती. सरकारनं घेतली. खरा बेघर मी हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. गावात त्याचं तीन मजली घर आहे, वर भाडेकरू भरलेले. जमीन गेली हे खरं होतं, त्याचा बाप त्यासाठी मोर्च्यात गेला होता. पण खरा बेघर तो आहे हे त्यानं माझ्या नवऱ्याच्या खाटेला टेकून म्हणावं, हे मला पटलं नाही. गमवायला निदान त्याच्याकडे काही होतं, ह्याचाही मला हेवा वाटला.

साहेब म्हणाला, "मी सांगू? दारू. इतकी वर्षं पाडतोय, प्रत्येक झोपडीत बाटली सापडते."

मी म्हटलं, "आमच्यात काढून दाखवा. आत्ता तुमच्यासमोरच हाय सगळं पडलेलं."

"तुमच्यात नसेल, मावशी. मी जनरल बोलतोय."

"आणि एकाला बसू दिलं की दहा येतात," सेक्रेटरी म्हणाले. "सगळी गरिबी एकाच कोपऱ्यात गोळा होते. मग घाण, मग मच्छर, मग चोऱ्या."

"गोळा होत नाहीत, काका. दुसरीकडे कोणी टिकू देत नाही, म्हणून उरलेल्या जागेत सगळे येतात."

मुलगी चांगली बोलत होती. तिच्या कॉलेजात यावर वाद झाला असावा, कारण तिला प्रत्येकाचं उत्तर आधीच माहीत होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण तीसुद्धा सावलीत उभी होती आणि खाट उन्हात होती.

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही सांगा ना. तुम्हाला काय वाटतं? कशामुळे झालं हे?"

तोवर धाकटी रस्ता ओलांडून आली होती. हातात स्टीलच्या ग्लासात चहा, वर ताटली झाकलेली. मी तिच्याकडे बोट केलं.

"मला काय इचारता? हिला इचारा. हिच्याकडं खोली हाय. ज्याच्याकडं हाय त्यानं सांगावं, त्याला कशी मिळाली."

धाकटी थांबली. "बाई, लोकात कशाला?"

"लोकातच. टावर दोघींनी बांधला. घमेली काय माझीच जड व्हती? मग तू आत आणि मी बाहीर कशी?"

"मी हिसकावून घेतली न्हाई खोली. आधी तुमाला इचारली व्हती. तुमीच म्हणाला, देव जिन्याखाली न्हेणार न्हाई. म्हणाला का न्हाई?"

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "थांबा, थांबा. म्हणजे खोली मिळत होती आणि देवासाठी सोडली? हे बघ, ऐक," ते मुलीला म्हणाले, "हे कारण. पुस्तकात नाही सापडायचं."

"काका, खोली एकच होती. यांनी घेतली असती तर ह्या दुसऱ्या मावशी रस्त्यावर असत्या. माणूस बदललं असतं, रस्त्यावर कोणीतरी असतंच."

ते मला तिच्या आधी कळलेलं होतं. मी खोली घेतली असती तर खाट धाकटीची असती. आणि खरं सांगायचं तर ते मला चाललं असतं. मी गेटात केस सोडून उभी राहिले असते आणि तिच्यासाठी चहा घेऊन आले असते.

धाकटीचा आवाज चढला. "बाई, तुमी माझी खोली बघता. तुमी बसलाय का कधी त्या खोलीत? समद्यांची कामं, समद्यांची बोलणी. गेटाची घंटी वाजली की ताटावरनं उठायचं. आणि थोरल्या तुमी. देव तुमच्याकडं. सासूनं मरताना मला जवळ बी बोलावलं न्हाई. सण आला की मीच यायचं तुमच्या दारात वाकून. माझ्या पक्क्या खोलीत दिवा लावायला एक टाक न्हाई. आन् तुमच्या फ्लेक्सच्या झोपडीत पाच हायेत."

ती माझा हेवा करते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं समोरासमोर राहून माहीत नव्हतं. मला ते ऐकून बरं वाटलं. भर रस्त्यात, झोपडी पडलेली, आणि मला बरं वाटलं. मी तिला आणखी काहीतरी टोचून बोलणार होते. शब्द तोंडात होता.

तेवढ्यात ती वळली आणि खाटेवर वाकली. "दादा, काय म्हणता? पाणी?"

नवऱ्यानं पाणी मागितलं होतं. म्हणे दोनदा मागितलं होतं. चहावाला जमिनीवर बोलत होता, साहेब दारूवर, मुलगी रिकाम्या फ्लॅटवर, आणि मी तिच्यावर. कुणाला ऐकू गेलं नाही. तिला गेलं. माझा नवरा, आणि त्याचा आवाज तिला ऐकू गेला. बाकी सगळं मी पुढे सोडून दिलं, हे अजून सोडलेलं नाही.

चहावाल्यानं पाणी दिलं. तिनं ते नवऱ्याला पाजलं, त्याच्या मानेखाली हात घालून. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि डोळे हळदीसारखे पिवळे. मग तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "धरा की पाय त्या खाटेचा. का उभ्याच राहणार?"

मी डबा बगलेत मारला आणि एक पाय धरला. एक तिनं धरला. दीर गेटातून धावत आला, त्यानं तिसरा. चौथा पथकातल्या त्या माणसानं धरला, ज्यानं मघाशी नवऱ्याला पाय आत घ्यायला सांगितलं होतं. साहेबानं त्याला हाक मारली नाही, दुसरीकडे बघितलं.

सेक्रेटरी गेटापर्यंत मागे आले. "अरे, असं कसं? पेशंटला आत आणायला कमिटीची परवानगी लागते. उद्या काही झालं तर?"

दीर खाट न ठेवता म्हणाला, "साहेब, गेटातनं कुणाला सोडायचं ती ड्युटी माझी. ह्यो माझा भाऊ हाय. मी सोडला."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या मग. आधी ह्याला सावलीत ठिवतो."

मुलगी काहीतरी बोलायला लागली. सेक्रेटरींनी हात वर केला. "बरं. दोन दिवस. आणि खाट पॅसेजमध्ये दिसता कामा नये."

खाट खोलीत मावलीच नाही. ती पार्किंगमध्ये उभी करून ठेवली आणि नवऱ्याला खाली सतरंजीवर निजवलं. पंखा लावला. तो लगेच झोपला. इतक्या दिवसांत तो असा झोपला नव्हता. तिच्या पंख्याखाली झोपला.

मी आत गेले नाही. डबा मांडीवर घेऊन गेटाबाहेर फुटपाथवर बसले. धाकटी दोनदा बोलवायला आली.

"बाई, आत या. जेवा तरी."

"देव घेऊन जिन्याखाली येत न्हाई."

"मग काय करायचं देवांचं? गळ्यात बांधून बसणार का जन्मभर?"

दीर तिच्या मागे उभा होता. तो वर बघत होता, टॉवरकडे. म्हणाला, "वैनी, लिफ्टची मशीन असती ती खोली गच्चीवर हाय. सगळ्यात वर. तिची चावी माझ्याकडं असती. तिथं कुणाचा पाय येत न्हाई, फकस्त पावसाचा येतो."

मी त्याच्याबरोबर वर गेले. इमारत मी बांधली, पण लिफ्टमध्ये तेव्हा पहिल्यांदा बसले. मशीनच्या खोलीत एका कोनाड्यात, लाल कापड घालून, डबा ठेवला. खाली सगळं खारघर दिसत होतं, डोंगर, मेट्रोचा पूल, आणि आमच्या प्लॉटवरची सपाट माती. ठाण मांडून बसायला देवांना टॉवरमधली सगळ्यात उंच जागा मिळाली. वरच्या मजल्यावरच्या श्रीमंतापेक्षा वर. मला देवांचासुद्धा हेवा वाटला, ते मी लपवत नाही.

खाली उतरताना दीर म्हणाला, "हे तवाच सुचलं असतं तर."

तेव्हा कुणाला सुचलं नाही. त्याला सुचलं असतं तर खोली माझी झाली असती, म्हणून त्यानं सुचू दिलं नसेल, असं मी पुढं बरीच वर्षं धरून होते. त्याला कधी विचारलं नाही.

ते दोन दिवस लांबत लांबत पावसाळ्यापर्यंत गेले. सेक्रेटरी रोज गेटाशी थांबायचे, "अजून आहेत का?" विचारायचे, आणि उत्तर न ऐकता फिरायला जायचे. आम्ही चौघं त्या खोलीत राहिलो. रात्री एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. डोक्यावरून पाय जायचे. मी ते ओळखायला लागले होते, हा जड माणूस, ही टाचेची चप्पल, हे शाळेचे बूट. धाकटी माझ्या नवऱ्याला उसाचा रस आणून द्यायची, त्याला चालत नाही ते पदार्थ बाजूला काढायची. तो बरा होत गेला आणि म्हणाला, "हिच्या हाताला चव हाय." मी ते ऐकलं आणि भांडी घासायला मोरीत गेले. मोरी चांगली होती. पाण्याला उतार बरोबर होता. तो उतार काढणारा गवंडी मला आठवत होता.

पुढे आम्हाला तळोज्याकडच्या एका गावात चाळीतली खोली भाड्यानं मिळाली. नवऱ्याला तिथल्या एका कारखान्यात झाडायचं काम लागलं. देव वरून उतरवून आणले. खोली तळमजल्याची आहे, वर बिहारकडचे भाडेकरू राहतात, पुष्कळ जण, पाळीपाळीनं झोपतात. त्यांचे पाय दिवसरात्र देवांवरून जातात. देव ठेवायला दुसरी जागा नाही.

दीर गेटावरच गेला. खुर्चीत बसला होता, तसाच मान टाकून. खोली नोकरीची होती, माणसाची नव्हती. दहावं झालं, आणि सोसायटीनं नवा रखवालदार आणला. धाकटीला खोली सोडायला सांगितली. वाईट शब्दांत नाही सांगितलं. वरच्या बायांनी साड्या दिल्या, ती मुलगी, जिचं आता लग्न झालं आहे, रडली म्हणे. धाकटी एक ट्रंक आणि बटणाजवळ लावलेला गणपतीचा फोटो घेऊन माझ्या दारात आली. वाकून आत यावं लागत नाही, दार उंच आहे. तरी ती वाकली.

मी म्हटलं, "ये. ट्रंक तिकडं ठेव."

ती अजून फ्लॅटवाल्यांच्या गोष्टी सांगते. सणासुदीला तिला फोन येतात, मला येत नाहीत. पंख्याखालची जागा तिला दिली आहे, कारण तिला दमा आहे. मला उकडतं. नव्या रखवालदाराच्या बायकोनं खोलीला हिरवा पडदा लावला असं तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, "कळलं आता?" ती म्हणाली, "तुमाला हसू येतंय, बाई." मला हसू येत नव्हतं. मलाही त्या हिरव्या पडद्याचा राग आला होता.

चंपाषष्ठीला आम्ही दोघीच तळी भरतो. पाच जणांनी उचलायची असते, म्हणून वरच्या बिहारी पोरांतली तिघं बोलावतो.

त्या मे महिन्यात जे चौघं त्या जिन्याखाली राहिलो, त्यातला दीर गेला, आणि त्यानंतर दोन पावसाळ्यांनी माझा नवरा गेला. मी आहे. धाकटी आहे.